भोक नसलेलं झाकण

दादाचा निरोप आला तेव्हा मी कोठीत संध्याकाळची कुलपं लावत होतो. बिनतारीच्या खोलीतून हाक आली म्हणून धावलो, तर यंत्रातून दादाचा आवाज चाळणीतून गाळल्यासारखा येत होता. "शिडीवरून पडलो. पाय मोडलाय. नवं पिंप रिकामं निघालं. पाणी उद्यापर्यंत आहे, ताणलं तर परवा दुपारपर्यंत." मग खरखर झाली आणि यंत्र गप्प झालं. दादाकडच्या यंत्राची बॅटरी संपली होती.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. मिठाच्या मैदानापलीकडच्या उघड्या टेकडीवर हवामान खात्याचं ठाणं आहे, तिथे तो एकटा राहून वारा आणि पाऊस मोजतो. मी त्याच खात्याचा कोठीवाला. त्याचं धान्य, औषधं, पाणी सगळं माझ्या हातून जातं. तेव्हा 'पिंप रिकामं निघालं' हे वाक्य माझ्या वर्मी लागलं. ते पिंप मी स्वतः काठोकाठ भरलं होतं. झाकण आवळून त्यावर लाख ओतली होती आणि लाखेवर माझा शिक्का मारला होता. मग पाणी गेलं कुठे? पिंप नेऊन पोचवलं होतं माझ्या मेव्हण्याने, त्याच्या जीपमधून. शंकेची पाल मनात चुकचुकते म्हणतात. माझ्या बाबतीत ती सरळ खांद्यावर येऊन बसली.

पंचाईत अशी, की खात्याची गाडी पाच दिवसांनी परतणार होती, आणि त्या वाटेवर जाऊ शकेल अशी दुसरी गाडी एकच होती. त्याच मेव्हण्याची जीप! अडला हरी, दुसरं काय. रात्रीत सामान बांधलं. पाण्याचे चार डबे, पायाला बांधायच्या पट्ट्या, औषधं, पेट्रोलचे दोन डबे. पहाटे तो जीप घेऊन आला आणि चाकांत हवा भरायला पंपाशी बसला, तेवढ्यात मी माझं काम उरकलं. त्याच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण म्हणजे एक खिळखिळं पत्र्याचं टोपण होतं, मधोमध सुईएवढं भोक पडलेलं. ते काढून मी कोठीत ठेवलं, वर चिठ्ठीही चिकटवली. त्या जागी रसायनांच्या डब्याचं पितळी झाकण बसवलं. आत जाड रबर, वर कुलूप, कुठे फट म्हणून नाही. फिरवल्यावर असं घट्ट बसलं की माझ्या जिवाला बरं वाटलं.

मेव्हण्याने ते पाहिलं. "दाजी, माझ्याच गाडीला माझ्यापासूनच कुलूप?"

"पेट्रोल मोजून घेतलंय," मी म्हटलं. "वाटेत सांडू नये म्हणून."

त्याने नाकाने श्वास सोडला. रागावला की तो असंच करतो. हे त्याच्या बहिणीकडूनही मला ठाऊक आहे, ती माझी बायको आहे.

तिसऱ्या होत्या मोजणीबाई. निवृत्त झालेल्या, पण त्या मैदानाचे नकाशे त्यांच्याच हातचे. साठी उलटलेली, पाठ ताठ, हातात पुरुषभर उंचीची लोखंडी सळई. "मैदान आपण उद्या उजाडताच ओलांडायचं," त्यांनी गाडीत बसता बसता बजावलं. "ऊन चढलं की मिठाचा पापुद्रा मऊ पडतो. खाली चिखल आहे, आणि त्याचा तळ मला अजून सापडलेला नाही."

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग चढण लागली. दोन्ही बाजूंना भाजलेल्या विटेच्या रंगाचे कडे, झाड नाही, झुडूप नाही, वरून ऊन आणि खालून रस्त्याची धग. पहिल्या गिअरमध्ये जीप कण्हत चढत होती. तिसऱ्या वळणावर ती खोकली. एक आचका दिला, दुसरा दिला, आणि बंद!

मेव्हण्याने चाकामागे दगड लावले, बॉनेट उघडलं आणि पेट्रोलच्या पंपाखालची काचेची वाटी मला दाखवली. वाटीत पेट्रोल नावाला होतं आणि त्यात बुडबुडे उठत होते. "वाफ धरली," तो म्हणाला. "इंजिनाच्या धगीने पेट्रोल नळीतच उकळलं. पंप पातळ पेट्रोल ओढतो, वाफ त्याला ओढता येत नाही. नळीत फुगा बसला की कार्बोरेटर उपाशी."

"म्हणजे आता?"

"आता थंड करायचं आणि धीर धरायचा."

त्याने फडकं ओलं करून पंपावर आणि नळीवर गुंडाळलं. आमच्या पिण्याच्या पाण्यातून! मी तेही मनात नोंदवलं. मग मागे गेलो, कुलूप उघडलं. झाकणातून 'सुस्स' असा आवाज आला, तो मी उन्हाच्या खात्यावर टाकला. टाकीत लाकडी पट्टी बुडवली, तर पेट्रोल माझ्या हिशेबापेक्षा चार बोटं कमी!

"बाई, हे बघा," मी हळूच म्हटलं.

"गाडी चढावर तिरकी उभी आहे," बाई म्हणाल्या. "तिरक्या टाकीत पट्टी खोटंच बोलणार. सपाटीवर मोजा."

मला ते पटलं नाही. झाकण लावलं, कुलूप फिरवलं. वीस मिनिटांनी मेव्हण्याने चावी फिरवली आणि जीप एका झटक्यात सुरू झाली. ओल्या फडक्याचा गुण, असं तिघंही धरून चाललो.

चढण संपली, पठार लागलं. ऊन कललं तसा गार वारा सुटला, इतका की बाईंनी शाल काढली. मैदानाच्या काठावर मुक्काम करायचा होता, तो तास-दीड तासावर असेल. आणि तिथे, सपाट रस्त्यावर, त्या गारठ्यात जीप पुन्हा खोकली. आचका. आचका. बंद.

मेव्हणा उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. "एवढ्या थंडीत वाफ?" तो स्वतःशीच म्हणाला.

मग मात्र त्याने ओळीने सगळं तपासलं. मी डोळ्यांत तेल घालून त्याच्या बोटांकडे पाहत होतो. प्लग काढून ठिणगी पाहिली. निळी, ठणठणीत. कार्बोरेटरची जाळी काढून फुंकली. स्वच्छ. कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडली आणि पंपाची कळ हाताने मारली. एरवी चूळ भरल्यासारखं पेट्रोल उडायला हवं. चार थेंब आले. पंपाचा पडदा फाटला असेल म्हणून तो उघडला, तर पडदाही धड. तो टाचांवर बसला आणि डोकं खाजवू लागला.

मला त्या खाजवण्यात नाटक दिसलं. दादापर्यंत पोचायचंच नसेल याला! रिकाम्या पिंपाचं उघडकीला आलं तर तोंड काळं होईल, त्यापेक्षा वाटेत गाडी बिघडलेली बरी. मी मागे जाऊन कुलूप उघडलं, पट्टी बुडवली. पुन्हा 'सुस्स'. आता गाडी सपाटीवर होती आणि पेट्रोल बरोबर हिशेबाइतकं भरलं. चोरी झालेली नव्हती, याचं मला उगाचच वाईट वाटलं.

त्याने पंप परत जोडला, चावी फिरवली. जीप सुरू!

आता मेव्हणा आनंदायचं सोडून माझ्याकडे टक लावून पाहायला लागला. "मी काहीच दुरुस्त केलं नाही, दाजी. मग ही सुरू कशी झाली? तुम्ही मागे काय करत होता?"

"मोजत होतो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच. काठावर पोचलो तेव्हा अंधार पडायला आला होता. तंबू ठोकताना त्याने टाकीची किल्ली मागितली. "फक्त एकदा पाहू द्या. बाकी सगळं पाहून झालंय."

"सकाळी," मी म्हटलं. आणि तो चूल पेटवत असताना मी पिशवीतून लाखेची कांडी काढली. मी कुठेही जातो तिथे लाख आणि शिक्का बरोबर असतात, लोक चष्मा नेतात तसे. झाकणाच्या कडेने सगळीकडून लाख ओतली, कुलपाच्या भोकावरसुद्धा, आणि वर शिक्का उमटवला. आता नुसता हात लावला तरी मला कळणार होतं.

उजाडताना जाग आली ती बॉनेटच्या आवाजाने. मेव्हणा जीपमध्ये कंबरेपर्यंत शिरला होता. मी पाय न वाजवता मागून गेलो आणि त्याचं मनगट धरलं. त्याच्या मुठीत कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे होते. माझ्या कोठीतले!

"गेल्या महिन्यात डझनभर चिमटे कमी भरले होते," मी म्हटलं. "तेव्हा मी झाडूवालीला बोललो होतो."

त्याने मान खाली घातली. "नळीवर लावायला घेतले, दाजी. लाकूड असलं की धग नळीपर्यंत कमी पोचते, असं जुने ड्रायव्हर करतात. मागायला हवे होते. पण तुमच्याकडे काही मागायचं म्हणजे तीन सह्या."

"आणि काल म्हणालास वाफ नाही."

"खात्री नाही म्हणून लावतोय. तुमचे दादा तिकडे तहानलेले आहेत. मला एकही शंका मागे ठेवायची नाही."

हे तो असं बोलला की क्षणभर मी गडबडलो. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस मी, ताकही फुंकून पिणारा. मागे जाऊन शिक्का पाहिला. शाबूत होता. मग त्याने पुन्हा किल्ली मागितली तेव्हा बाईच म्हणाल्या, "सूर्य वर येतोय. जे काय ते पलीकडे गेल्यावर." आम्ही निघालो.

मिठाचं मैदान मी पहिल्यांदाच पाहत होतो. नजर पोचेल तिथपर्यंत पांढरं, सपाट, सारवून वाळलेल्या जमिनीसारखं बारीक भेगाळलेलं, आणि त्याच्या टोकाला बोटभर निळी टेकडी. तीच दादाची. चाकांखाली मीठ कुरकुरत होतं, आवाज ऐकूनच बाई दिशा सांगत होत्या. "डावीकडे घे. अजून डावीकडे. थांबू नकोस, काही झालं तरी थांबू नकोस."

मैदानाच्या मधोमध जीप खोकली.

"नको गं बाई," मेव्हणा म्हणाला. जीपने ऐकलं नाही. बंद पडली.

बाई उडी मारून उतरल्या आणि पुढच्या चाकाशी सळई रोवली. "चाक चार बोटं रुतलंय," त्यांनी मोजलं. "दहा मिनिटं आहेत. तेवढ्यात हलली नाही तर जीप इथेच सोडून चालायचं."

चालायचं! टेकडीपर्यंत पायी अख्खा दिवस. दादाकडे दुपारपर्यंतचं पाणी. माझी पाचावर धारण बसली.

मेव्हण्याने डब्यातलं पेट्रोल झाकणीभर घेऊन थेट कार्बोरेटरमध्ये ओतलं. चावी मारली. इंजिन गरजलं! जीप पन्नास पावलं धावली. पुन्हा आचका. पुन्हा बंद. "इंजिन धडधाकट आहे," तो ओरडला. "पेट्रोल इथपर्यंत येतच नाही!"

"वीतभर!" बाईंची सळई.

चाकाभोवती भेग फुटली. काळं पाणी वर आलं. मेव्हण्याने पंपाकडे टाकीतून येणारी नळी ओढून काढली, ती गार होती. तोंडात धरली. ओढायला गेला आणि एकदम दचकून मागे झाला. जीभ बाहेर काढून त्याने बोट लावून पाहिलं. पुन्हा नळी तोंडाशी नेली, आता हळूच. मग माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दाजी, मी ओढत नाहीये. टाकीच माझी जीभ ओढतेय. किल्ली द्या."

"आधी सांग," मी म्हटलं. आज आठवलं तरी शरम वाटते. खाली जमीन फाटत होती आणि मी म्हटलं, "आधी सांग, पिंपातलं पाणी कुठे गेलं?"

"कुठलं पाणी?"

"दादाचं! मी भरून दिलेलं!"

"पिंप जसं दिलंत तसं ठेवलं. तुमच्या शिक्क्याला मी बोटही लावलं नाही." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुम्हाला काय वाटतं, मी तुमच्या भावाचं पाणी विकलं?"

"दीड वीत!" बाई कडाडल्या. "कोठीवाले, तुमच्या भावाला आता तुमचं खरं-खोटं नकोय, पाणी हवंय. द्या ती किल्ली!"

जुडग्यात तेवीस किल्ल्या. कुलपाच्या भोकात माझीच लाख! दगडाने ठेचली. कडेची खरवडली. किल्ली घातली. फिरेना. दोन्ही हातांनी पिळली. फिरली!

सुस्स्स्स.

तो आवाज संपेचना. बाहेरची हवा टाकीत घुसत होती, बुडणारा माणूस वर येऊन श्वास घेतो तशी. आत पत्रा 'टण्ण' करून वाजला, आत ओढलेली टाकीची कूस बाहेर आली. मी हातातलं झाकण उलटं केलं. रबर, पितळ, कुलूप. भोक नव्हतं. भोक नाही म्हणूनच तर ते मला आवडलं होतं.

"नळी जोडली!" मेव्हणा. "टाकीच्या तोंडावर रुमाल बांधा, कापडाचा, हवा जाऊ दे!"

बांधला. त्याने पंपाची कळ मारली. भसकन पेट्रोल आलं! चावी. गुरगुर. गुरगुर. सुरू! मी आणि बाई मागून खांदा लावून ढकलत होतो, चिखल तोंडावर उडत होता. चाक फिरलं, घसरलं, पकडलं! धावत जाऊन आम्ही मागच्या फळीला लटकलो. ज्या जागी जीप उभी होती तिथला पापुद्रा आमच्या डोळ्यांदेखत काळा पडून खाली बसला.

पलीकडे खडकाळ जमीन लागली. मग मेव्हण्यानेच गाडी चालवता चालवता समजावून सांगितलं, शिक्षक सांगतात तसं, राग न ठेवता. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते, म्हणून त्या टोपणाला भोक. हवा आली नाही तर टाकी पेट्रोल मागे धरून ठेवते. शिवाय ओढ बसलेलं पेट्रोल उकळायलाही लवकर लागतं, म्हणून चढणीवर खरोखरच वाफ झाली होती. आणि मी दर वेळी मोजायला झाकण उघडायचो, म्हणून गाडी दर वेळी सुरू व्हायची. "मीही पाहायला हवं होतं," तो म्हणाला. "कुलपाचं झाकण असलं तरी भोक असणार, असं धरून चाललो. रागात होतो."

मी खिडकीबाहेर पाहत बसलो. मला माफी मागायची होती, पण मागितली नाही. पिंपाचा प्रश्न अजून सुटला नव्हता ना!

दुपार व्हायच्या आत टेकडीवर पोचलो. दादा ठाण्याच्या सावलीत चटईवर पडला होता, पाय लाकडाच्या फळीला स्वतःच बांधलेला, ओठ फुटलेले. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन भांडं ओठांना लावलं. तो हळूहळू प्यायला, आणि मी लहान मुलासारखा रडलो. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग पहिलंच वाक्य बोलला.

"काय रे, अर्धी बादली भरून पिंप पाठवलंस? तोटी सोडली, तेवढंच पाणी आलं आणि बंद. मला वाटलं, आता कोठीतही असले धंदे चालतात की काय."

माझ्यावर! माझ्या सख्ख्या भावाला माझ्यावर संशय! मी ताडकन उठलो. पिंप भिंतीशी उंच चौथऱ्यावर उभं होतं, शिडी अजून खाली आडवी पडलेली. मी पिंपाला टिचकी मारली. भरल्या भांड्याचा बद्द आवाज आला. खाली मारली, मध्ये मारली, शिडी लावून वर अगदी गळ्यापाशी मारली. सगळीकडे बद्द.

मग झाकण पाहिलं. कडेने लाल लाख, सगळीकडून, एक केसभरही फट नाही. वर शिक्का. शाबूत. माझा.

मी मागे वळून मेव्हण्याकडे पाहिलं. त्याला माझ्या आधी कळलं होतं. पण तो माझं मला दिसू देत होता. मी कडेची लाख फोडली, झाकण सैल केलं.

सुस्स.

खाली तोटीतून पाणी धो धो पडायला लागलं. बाईंनी धावत जाऊन बादली लावली. दादा आ वासून पाहत राहिला. भरल्या पिंपापासून चार हातांवर तो दोन दिवस घोट मोजत पडला होता. पाय धड असता तर वर चढून झाकण उघडलं असतं.

"काखेत कळसा," दादा हळूच म्हणाला, आणि पुढचं म्हणालाच नाही.

मी शिडीवरून उतरलो आणि मेव्हण्यासमोर उभा राहिलो. वयाने मी बारा वर्षांनी मोठा, नात्याने त्याचा दाजी. "माझं चुकलं," मी म्हटलं. "पाण्याचंही, पेट्रोलचंही. तुला चोर समजलो. त्या पाण्यावाचून मी माझ्या भावाला मारलं असतं आणि आळ तुझ्यावर घातला असता. मला माफ कर."

त्याने नाकाने श्वास सोडला. "चिमटे मात्र मीच घेतले होते," तो म्हणाला.

दादाला फळीवर बांधून जीपमध्ये झोपवलं. बाईंनी परतीची लांबची वाट काढली, मैदान टाळून, काठाकाठाने, दोन दिवसांची. निघण्याआधी मी पितळी झाकण दगडावर उलटं ठेवलं, खिळा मधोमध धरला आणि हातोडा मारला. रबर, पितळ, दोन्ही आरपार. मग तो खिळा घेऊन पुन्हा शिडी चढलो आणि पिंपाच्या झाकणालाही, माझ्या शिक्क्याच्या बरोबर मधोमध, तसंच भोक पाडलं.

खाली आल्यावर किल्ल्यांचा जुडगा मेव्हण्याच्या हातात दिला.

"यातली टाकीची कुठली?" त्याने विचारलं.

"कुलूप लावलंच नाही," मी म्हटलं, आणि मागे दादाशेजारी जाऊन बसलो.